स्वतःविरुद्ध रिपोर्ट देणारी गोकुळाबाई

मोहटोलीत कुणाच्या दारात विम्याचा माणूस आला, की त्याला खाट टाकून देतात, पाणी देतात आणि लगेच गोकुळाबाई नान्हेला बोलावणं जातं. ती हात पुसत येते, अंगाला मासळीचा वास घेऊन. खाटेवर बसत नाही. उभ्याउभ्याच विचारते, "सक्तीचा हाय का मर्जीचा?" तो माणूस उज्ज्वल भविष्य, मुलांचं शिक्षण, म्हातारपणाची सोय अशी लांबची वाट धरून निघालेला असतो, तो मध्येच अडखळतो. मर्जीचा म्हणाला, तर गोकुळाबाई सांगते, "मंग घाई काऊन करता? बसू द्या ह्या घरवालीले चार दिवस इचार करत." सक्तीचा म्हणाला, तर विचारते, "कोणत्या कायद्यानं?" बहुतेकांची पिशवी तिथेच आवरली जाते.

आज ती हे जेवढ्या ठसक्यात विचारते, तेवढ्याच ठसक्यात काही वर्षांपूर्वीही विचारायची. फरक एवढाच, की तेव्हा तिला अर्धंच कळलेलं होतं. उरलेलं अर्धं कळायला एक माणूस रस्त्यावर आडवा व्हावा लागला.

नागभीडहून तळोधीकडे निघालं, की थोडं पुढे डाव्या हाताला तलाव लागतो. त्याच्या पाळीखालची धिवरांची वस्ती म्हणजे मोहटोली. तलाव मच्छीमार सोसायटीकडे आहे. गोकुळाबाईचा नवरा खुशाल सोसायटीचा जुना सभासद. जाळं टाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, आणि बोलण्यात त्याच्या बायकोचा. तो पाण्यात असतो तेव्हा सुखात असतो. घरी आला, की ऐकून घेतो.

मासळी विकायचं काम गोकुळाबाईचं. पहिली कित्येक वर्षं ती डोक्यावर टोपलं घेऊन एसटीने जायची. एका बाजाराच्या दिवशी कंडक्टरने वासाचं निमित्त करून तिचं टोपलं खाली उतरवलं. टोपल्याबरोबर तीही उतरली आणि बस निघून गेली. दुसरी एखादी रडली असती. गोकुळाबाई रस्त्याच्या कडेला टोपल्यावर ओलं पोतं घालून बसली आणि शेजारणीला म्हणाली, "आता बस नाई. आता माही गाडी." शेजारीण हसली. गोकुळाबाई हसली नाही. ती गाडी शिकली, लायसन काढलं, आणि चाळिशी उलटून गेल्यावर मालवाहू तीनचाकी घेऊन गावात शिरली, तेव्हा लुगड्यावर खुशालचा खाकी शर्ट चढवलेला होता. त्या दिवशी अख्खी मोहटोली तलावाच्या पाळीवर उभी होती. खुशालला इतका अभिमान वाटला, की तो कुणाशी काही न बोलता पाण्यात उतरून गेला.

गाडी घेताना शोरूममधल्या माणसाने तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. गाडीचा विमा, आयुष्याचा विमा, दवाखान्याचा विमा आणि आणखी कसली कसली हमी. "मावशी, हे सगळं कंपल्सरी आहे," तो म्हणाला. ताज्या मासळीखाली शिळी लपवणाऱ्याचा आवाज गोकुळाबाईला बरोबर कळतो. ती उठली आणि बाजारचौकात गाड्यांचे कागद करणाऱ्या निशाकडे गेली. निशाच्या आईला ती वर्षानुवर्षं झिंगे देत आलेली.

"यातला सरकारचा कोणता अन् दुकानदाराचा कोणता, तेवढं सांग."

निशाने सांगितलं, "काकू, रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा लागतोच. त्याच्याशिवाय गाडी चालवणं गुन्हा आहे. आणि मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा अपघात विमा. तो तुमचा आधीच दुसरीकडे असेल तर वेगळा नको. बाकी सगळं तुमच्या मनावर."

"दुसऱ्यावाला काऊन? मले का होते?"

त्या दुसऱ्यावरून गोकुळाबाई बराच वेळ भांडली आणि हरली. हरल्याचा राग तिने पुढच्यावर काढला. निशा सांगत होती, की स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा मर्जीचा आहे, पण जंगलचा रस्ता आहे तर घ्यावा.

"मर्जीचा ना? मंग नाई. वाघ का माह्या गाडीले धडकणार हाय?"

तिथून तिचं एक तत्त्वच झालं. कायदा म्हणतो तेवढं करायचं, ते मात्र वेळेच्या आत, चोख. बाकी सगळं फसवाफसवी. तिचा सक्तीचा विमा कधी एक दिवस खंडला नाही. रस्त्यात पोलिसाने हात केला, की तीच आधी गाडी बाजूला घ्यायची आणि कागद पुढे करायची. एकदा पोलीस म्हणाला, राहू द्या बाई. तर म्हणे, "पाहा त खरं. पाहाले काऊन लाजता?"

गावात तिचा शब्द चालू लागला. कलाबाईचा मुलगा चंद्रपूरकडच्या कारखान्यात लागला आणि पगारातून दवाखान्याच्या विम्याचे पैसे कापले जातात म्हणून कलाबाई ओरडत आली. गोकुळाबाईने निशाला विचारून सांगितलं, की तेवढ्या पगाराच्या कामगाराचे ते कायद्यानेच कापतात, मालकालाही त्यात भर घालावी लागते. ओरडू नको, दवाखान्याचं कार्ड मागून घे. धानाचा पीक विमा कर्जदाराला पूर्वी चुकत नसे, आता तोही मर्जीवर आला. नको असेल तर बँकेत वेळेत लिहून द्यावं लागतं. आयुष्याचा विमा कुणावरच सक्तीचा नाही. हे सगळं ती बरोबर सांगायची. पण शेवटी प्रत्येकाला एकच सल्ला असायचा, "मर्जीचा हाय, सोडून दे." सोसायटीने सभासदांचा अपघात विमा करायचं काढलं, तेव्हा तिने खुशालचाही अर्ज भरू दिला नाही. इतक्या वर्षांत तलावानं त्याला गिळलं नाही, आता काय गिळणार, असं तिचं म्हणणं.

दिवाळी होऊन मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले होते. गावोगावी पाहुणे, रात्री नाटकं, आणि मासळी पुरणार नाही एवढी मागणी. त्या सकाळी खुशालचं जाळं उशिरा निघालं. रोहू, कतला भरून गोकुळाबाई निघाली तेव्हा नागभीडचा बाजार भरायला लागला होता. सागवानाच्या पट्ट्यात रस्ता सरळ आहे. तिने गाडी ताणली.

पुढे सायकलवर बापूराव रामटेके चालला होता. बापूराव शेजारच्या गावचा गवंडी. गोकुळाबाईच्या घराचा गिलावा त्याच्याच हातचा. हँडलला पिशवी, पिशवीत थापी आणि ओळंबा. तिने हॉर्न दिला, त्याने ओळखून मान हलवली आणि कडेला झाला. तेवढ्यात उजवीकडच्या झुडपातून डुकरीण निघाली, मागे तिची पिल्लं. गोकुळाबाईने गाडी वळवली. डुकरीण वाचली, पिल्लं वाचली. गाडीचा मागचा फाळका बापूरावच्या सायकलला लागला आणि गाडी तशीच कडेच्या शेतात, धानाच्या बांधीत जाऊन कलंडली.

कापलेल्या धानाच्या बुडख्यांत मासळी उडत होती. गोकुळाबाई बाहेर आली, उजवं मनगट सुजत होतं. तिने मासळीकडे पाहिलं नाही. बापूराव रस्त्यावर पडला होता आणि त्याचा डावा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला गेलेला होता. तो शुद्धीत होता. "बाई, माही थापी पाहा," एवढंच म्हणाला.

पाच-दहा मिनिटांत माणसं जमली. मोहटोलीचा सुरेंद्रही आला. सुरेंद्र तंटामुक्त समितीचा अध्यक्ष, स्वतःची चारचाकी असलेला, आणि गावातली एकही भानगड ठाण्यापर्यंत गेली नाही याचा फार अभिमान बाळगणारा. त्याने बापूरावला गाडीत घातलं, गोकुळाबाईला बसवलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं ठरवून टाकलं.

"पोलीसची भानगड नको. गावचं गावात पाहू. बापूभाऊ, डॉक्टरनं इचारलं त सायकलवरून पडलो म्हणाचं."

इकडच्या गावांतून हे नेहमीचं आहे. ठाणं म्हणजे चकरा, कोर्ट म्हणजे चंद्रपूरच्या चकरा, आणि चकरा म्हणजे मजुरी बुडाली. म्हणून माणूस आधी दवाखान्यात खोटं बोलतो आणि मग गावात खरं बोलून मिटवतो. बापूरावची बायको मीराबाई धावत आली. सगळं तिला सांगितलं गेलं. तिने गोकुळाबाईचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि डॉक्टरला स्वतःच सांगितलं, "सायकलवरून पडले जी." गोकुळाबाई शेजारीच उभी होती. जिच्या तोंडाला सारा बाजार भितो, ती बाई त्या वेळी गप्प बसली. भीतीच वाटली तिला, दुसरं काही नाही.

बापूरावला चंद्रपूरला नेलं. मांडीच्या हाडात सळई घातली. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. इकडे समाजमंदिरात बैठक बसली. गोकुळाबाईने दवाखान्याचा वरखर्च द्यावा आणि बापूरावच्या घरी धानाची पोती पोचवावीत असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरेंद्रने सगळ्यांना चहा पाजला. गोकुळाबाईलाही वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी ती निशाकडे गेली. खोटं कशाला बोला, बापूरावसाठी नाही गेली. गाडीसाठी गेली. गाडीची पुढची काच फुटली होती, दांडी वाकली होती, आणि मंडईचे दिवस हातातून निघून चालले होते. इतकी वर्षं विमा भरला, त्यातून काही निघतं का ते पाहावं, असा तिचा हिशेब.

"काकू, तुमच्या गाडीचा विमा तुम्ही घेतलाच नाही," निशा म्हणाली. "आणि हात मुरगळला, तर तुमच्या अपघात विम्यातून काही मिळत नाही. तो मरण आलं किंवा कायमचं अधूपण आलं तर."

"मंग मी इतके वर्षं भरलं काहाचं?"

"थर्ड पार्टी तुमच्यासाठी नसतोच. तुमच्या गाडीनं ज्याला लागलं, त्याच्यासाठी असतो, पोलिसांत नोंद झाली की तो भरपाई मागू शकतो. म्हणून तर कायदा सक्ती करतो. स्वतःचं नुकसान झालं तर तुम्ही आणि तुमची मर्जी, पण रस्त्यावरच्या माणसानं काय केलंय?" निशाने सहज विचारलं, "कुणाला लागलं का, काकू?"

"नाई," गोकुळाबाई म्हणाली.

ती बाहेर आली आणि बाजारचौकात उभी राहिली. मासळीवाल्या बायका हाका मारत होत्या. तिला ऐकू येत होतं, पण पाय उचलत नव्हता. स्वतःचीच तिला विलक्षण शरम वाटली. दवाखान्यात दुसऱ्यांनी खोटं सांगितलं होतं. आताचं मात्र तिच्या स्वतःच्या तोंडचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रपूरला दवाखान्यात गेली. बापूराव खाटेवर होता. डॉक्टर सकाळी सांगून गेले होते, की चालता येईल, पण पाय थोडा आखूड राहील आणि परांचीवर चढायचं काम आता विसरा. बापूराव छताकडे पाहत होता. गवंडी माणूस, छताचा गिलावा कुठे कच्चा आहे ते शोधत असेल. मीराबाई खाली बसून डबा उघडत होती. तिची मुलगी साक्षी बारावीला. नर्सिंगला जायचं म्हणत होती, ते नाव आता घरात कुणी काढत नव्हतं.

"पोती पोचली ना वो?" गोकुळाबाईने विचारलं.

"पोचली. लई झालं, बाई. तुमीच त आणलं त्याईले दवाखान्यात." मीराबाईने एक पोळी तिच्यापुढे केली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर गोकुळाबाईला परवडलं असतं. खऱ्या मनाने पुढे केलेली ती पोळी तिच्याने खाववेना.

"मीराबाई, धान किती दिवस पुरन?" ती म्हणाली. "माह्या गाडीचा विमा हाय. तो माहा नाई, बापूभाऊचा हाय. पण पोलीसचा कागद पायजे, अन् आपण तोच होऊ नाई देल्ला. मी ठाण्यात जाते."

मीराबाईचा हात थांबला. "आता आमालेच खोटं पाडसान का? डॉक्टरले मीच सांगतलं ना. मलेच धरतीन."

"तू माह्यासाठी खोटं बोलली. मी तुह्यासाठी खरं बोलते. धरलं त मले धरतीन."

बापूराव पहिल्यांदाच बोलला. "जाऊ दे तिले," तो बायकोला म्हणाला. "तिले नाई म्हणून कोणाचं चाललं हाय?"

गावात हे कळलं आणि सुरेंद्र तणतणत आला. समितीने मिटवलेलं उकरून काढायचं म्हणजे समितीच्या तोंडाला काळं. शिवाय सायकलवरून पडल्याची युक्ती त्याची. "बाई, डोस्कं फिरलं का तुहं? कोणी सोताच्याच नावानं रिपोट देते का? गाडी जमा होईन, कोर्ट लागन, विमावाले तुलेच खोटी म्हणतीन."

"म्हणू दे. मले बाजारात रोज कोणी ना कोणी खोटी म्हणते."

खुशाल दारात जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, "तुले जेलात टाकलं त मी का करू?"

"डबा आणजो. झिंगे टाकजो त्यात."

ठाण्यातल्या जमादाराने कागद पुढे ओढला. "कोणाविरुद्ध तक्रार आहे?"

"गोकुळा खुशाल नान्हे."

"तुमचं नाव?"

"तेच."

जमादाराने पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत लोक शेजाऱ्याचं, भावाचं, व्याह्याचं नाव घेऊन आले होते. स्वतःचं नाव घेऊन कुणी आलं नव्हतं. त्याने तिला बसायला खुर्ची दिली. तिने सगळं सांगितलं. डुकरीण आडवी आली ते, आणि जे तिने खुशाललाही सांगितलं नव्हतं तेही, की गाडी जोरात होती. "डुक्कर आलं हे खरं. पण मी हळू असती त गाडी थांबली असती." डॉक्टरला खोटं सांगितलं तेव्हा आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं. मग लायसन, गाडीचं पुस्तक, फिटनेस, विमा असे सगळे कागद टेबलावर ठेवले. जमादाराने पाहिले. एकही दिवस कुठे खंड नव्हता. एवढ्या अवघड वेळीसुद्धा गोकुळाबाईच्या तोंडावर किंचित फुशारकी आली.

गाडी बांधीतून ओढून ठाण्यात नेली आणि तपासणी होऊन सुटेपर्यंत ती तिथेच राहिली. गोकुळाबाईवर केस झाली. तिने गुन्हा कबूल केला आणि दंड भरून मोकळी झाली. तोवर पुन्हा टोपलं डोक्यावर आणि पुन्हा एसटी. या खेपेला कुणा कंडक्टरने तिला उतरवलं नाही. तिच्या तोंडावरची कळाच तशी होती. गाडी सुटून आली, पण दुरुस्तीला विम्याचा आधार नव्हता. हळूहळू, एकेक सुटा भाग आणून तिने ती उभी केली.

त्याच दिवसांत पाळीवर मासळी निवडताना तिने बायकांना सांगितलं, "मी तुमाले अर्धंच शिकवलं, बाप्पा. सक्तीचा असते दुसऱ्यासाठी. मर्जीचा असते आपल्यासाठी. कायदा आपली पर्वा आपल्यावरच सोडून देते, अन् मी लई शहाणी, सोतावरच काटकसर करत बसली." बँकेतला वर्षाकाठी चहा-चिवड्याच्या पैशात होणारा अपघात विमा तिने स्वतः बायकांना बँकेत नेऊन काढायला लावला. खुशालचा सोसायटीचा अर्जही भरला. खुशाल म्हणाला, "तलावानं आतावरी नाई गिळलं ना मले?" तर म्हणे, "चूप. सही कर."

आणि झालं सुरेंद्र म्हणाला तसंच. बापूरावचा दावा चंद्रपूरच्या कोर्टात लागला आणि विमा कंपनीने पैसे द्यायला साफ नकार दिला. दवाखान्याचा पहिला कागद सांगत होता, की माणूस सायकलवरून पडला. दोन घरं ओळखीची, बापूरावने बाईच्या घराचा गिलावा केलेला, बाई स्वतः होऊन गुन्हा कबूल करते, म्हणजे संगनमत उघड आहे, असं त्यांचं म्हणणं. वर्ष तारखांत गेलं. बापूराव काठीवर चालू लागला होता. साक्षीची बारावी झाली, आणि ती नागभीडला एका कापडदुकानात उभी राहू लागली. मीराबाई धानाच्या कापणीला जायची. गोकुळाबाईला ती वाटेत भेटली, की दोघी थांबायच्या, पण दाव्याबद्दल बोलायच्या नाहीत. मीराबाईला वाटे, आपल्या एका वाक्याने सगळं घालवलं. गोकुळाबाईला वाटे, आपल्या गप्प बसण्याने.

कोर्टात साक्ष द्यायचा दिवस आला तेव्हा गोकुळाबाई खाकी शर्ट धुऊन, इस्त्री करून, लुगड्यावर घालून गेली. गाडीच्या तपासणीचा अहवाल आधीच वाचला गेला होता. मागच्या फाळक्यावर ओरखडा होता आणि त्यात सायकलच्या हँडलचा रंग लागलेला होता. पण कंपनीचे वकील हुशार होते. तो रंग नंतरही लावता येतो, असं ते म्हणाले. मग ते गोकुळाबाईकडे वळले.

"दवाखान्यात तुम्ही हजर होतात. 'सायकलवरून पडला' असं सांगितलं गेलं, तेव्हा तुम्ही विरोध केला नाही. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटेपणात सामील होतात."

"होती जी."

"मग आज तुम्ही खरं बोलता आहात, हे आम्ही का मानावं?"

मीराबाईने मागच्या बाकावर पदर तोंडाला लावला. गोकुळाबाईने वकिलाकडे पाहिलं नाही. सरळ न्यायाधीशांकडे पाहून ती बोलली, आणि बाजारात भाव सांगते तेवढ्याच मोठ्यानं.

"साहेब, तवा मी खोटं होऊ देल्लं, तवा माहा फायदा होता. केस नाई, दंड नाई, गाडी सुटी. आता खरं बोलून राह्यली त माह्यावर केस झाली, गाडी जमा झाली, मंडईचा धंदा गेला, अन् ह्या दाव्यातून मले दमडी भेटत नाई. मले मासळी इकता येते, कायदा येत नाई. पण माणूस खोटं कवा बोलते अन् कवा नाई, ते बाजारात बसून मले कळते. कोणतं खरं मानाचं ते तुमी ठरवा."

वकिलांनी कागद आवरले आणि ते म्हणाले, की आणखी काही विचारायचं नाही.

निकाल पुढच्या तारखेला लागला. कंपनीने बापूरावला भरपाई द्यावी, त्याच्या बुडालेल्या कामाची आणि पुढच्या आयुष्यात न होणाऱ्या कामाचीही, व्याजासकट. न्यायाधीश वाचत होते तेव्हा बापूराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. त्याला अर्धं ऐकू आलं. साक्षीने कानाशी वाकून सांगितलं, तेव्हा तो खाली बसला.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर सगळे थांबले. साक्षी वडिलांना हळूहळू पायऱ्यांवरून उतरवत होती आणि मध्येच हसत होती. एवढ्या दिवसांत ती हसलेली कुणी पाहिली नव्हती. मीराबाई गोकुळाबाईजवळ आली. तिला आभार मानायचे होते. शेवटी जे कधीचं मनात होतं तेच तिने विचारलं.

"आमी त काईच मागतलं नोहतं, बाई. धान घेऊन आमी गप्प बसलो होतो. तुमी काऊन केलं हे? एवढं कोणी परक्यासाठी करते का?"

गोकुळाबाईने तिचा हात धरला. "परका कसा वो? गाडी घेतली तवापासून मी तुह्या नवऱ्यासाठी पैसे भरून राह्यली होती, मीराबाई. मले फक्त नाव माहीत नोहतं."